मूव्ह ओव्हर : कडेला थांबलेल्या गाडीजवळून जाताना

सायरन वाजवत मागून अ‍ॅम्ब्युलन्स आली की काय करायचं, हे अमेरिकेत लायसन्स काढणाऱ्या प्रत्येकाला परीक्षेआधीच पाठ झालेलं असतं. गोंधळ होतो तो तीच अ‍ॅम्ब्युलन्स रस्त्याच्या कडेला दिवे लावून उभी असते तेव्हा. ती तर हललेलीच नाही, आपल्या लेनमध्ये नाही, आपली वाटही अडलेली नाही. मग आपण सरळ जात राहतो आणि दोन मैलांवर मागे निळे-लाल दिवे दिसतात.

अशा उभ्या गाडीजवळून जाताना एक लेन सोडायची, ते जमत नसेल तर वेग कमी करायचा, हा नियम ‘मूव्ह ओव्हर’ कायदा म्हणून ओळखला जातो. गेल्या काही वर्षांत त्याची व्याप्ती वाढत चालली आहे, त्यामुळे दहा वर्षांपूर्वी लायसन्स घेतलेल्यांची माहितीही आता अपुरी पडते. सुरुवातीला तो पोलीस, अग्निशमन आणि अ‍ॅम्ब्युलन्स यांच्यापुरता होता. पुढे टो ट्रक, रस्ता दुरुस्तीच्या गाड्या, कचरागाड्या त्यात आल्या. फ्लोरिडाने १ जानेवारी २०२४ पासून बंद पडलेल्या साध्या गाड्याही त्यात घेतल्या, न्यूयॉर्कने २७ मार्च २०२४ पासून आणि कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२६ पासून. म्हणजे चारही इंडिकेटर लावून उभी असलेली, टायर पंक्चर झालेली एखादी जुनी कोरोलासुद्धा या राज्यांत तुमच्याकडून तेवढीच काळजी मागते.

## नियम दोन पायऱ्यांचा आहे

पहिली पायरी : थांबलेल्या गाडीला लागून असलेली लेन सोडा आणि एक लेन पलीकडे जा. दुसरी पायरी : तसं सुरक्षितपणे जाता येत नसेल, तर वेग कमी करा.

क्रम महत्त्वाचा आहे. ‘लेन बदला किंवा वेग कमी करा, तुमची मर्जी’ असा अर्थ अनेकजण काढतात. बहुतेक राज्यांचा कायदा तसं म्हणत नाही. शेजारची लेन मोकळी असताना तुम्ही केवळ ब्रेक दाबून त्याच लेनमधून गेलात, तर वेग कितीही कमी केला असला तरी दंड होऊ शकतो.

वेग किती कमी करायचा, हे मात्र राज्यागणिक बदलतं. फ्लोरिडा, टेक्सास आणि पेनसिल्व्हेनियात पाटीवरच्या मर्यादेपेक्षा ताशी २० मैल कमी. मिशिगनमध्ये १० मैल कमी. न्यू जर्सीत ठरावीक आकडा नाही. मर्यादेच्या खाली या आणि थांबायची तयारी ठेवा, एवढंच. न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया आणि इलिनॉयमध्ये परिस्थितीला शोभेल इतका वेग, म्हणजे निर्णय आधी तुमचा आणि नंतर पोलिसाचा.

इथे एक चूक हमखास होते. २० मैल कमी म्हणजे पाटीवरच्या आकड्यातून २० वजा, तुम्ही जात होता त्या वेगातून नव्हे. ६५च्या रस्त्यावर तुम्ही ८०ने जात होता आणि ६०वर आलात, तर मनाने २० मैल कमी केले असतील, पण कायद्याने अजून १५ जास्तच आहेत. तिथे ४५ हवे.

## हा कायदा आला कुठून

जानेवारी १९९४ मध्ये साउथ कॅरोलायनात एका अपघाताच्या जागी मदत करत असलेल्या जेम्स गार्सिया या पॅरामेडिकला गाडीने उडवलं. तो वाचला. पण पोलिसांच्या अहवालात चूक त्याचीच ठरली, कारण तो रस्त्यावर उभा होता आणि जवळून जाणाऱ्या ड्रायव्हरवर कोणतीही जबाबदारी टाकणारा कायदाच नव्हता. गार्सियाने पाठपुरावा केला आणि १९९६ मध्ये साउथ कॅरोलायनात पहिला मूव्ह ओव्हर कायदा झाला. बाकीची राज्यं एकेक करून मागून आली. पन्नासांतलं शेवटचं हवाई, २०१२ मध्ये.

इलिनॉयमध्ये याला ‘स्कॉट्स लॉ’ म्हणतात. शिकागो अग्निशमन दलाचे लेफ्टनंट स्कॉट गिलन डिसेंबर २००० मध्ये डॅन रायन एक्सप्रेसवेवर अपघाताच्या ठिकाणी काम करताना गाडीखाली सापडून गेले. त्यांचंच नाव कायद्याला मिळालं.

## तीन प्रसंग, तीन वेगळे नियम

नव्याने आलेल्यांच्या डोक्यात हे तीन नियम एकमेकांत मिसळतात, म्हणून एकदा वेगळे करून घेऊ.

आपत्कालीन गाडी दिवे-सायरन लावून *येत* असेल, तर उजवीकडे सरकून थांबायचं आणि ती गेल्यावरच निघायचं.

आपत्कालीन गाडी कडेला *उभी* असेल, तर मूव्ह ओव्हर. इथे थांबायचं नाही. फ्रीवेवर चालत्या लेनमध्ये तिच्यामागे गाडी उभी करणं हा स्वतःच एक अपघात आहे, फक्त अजून घडायचा आहे.

पिवळी स्कूल बस लाल दिवे लुकलुकवत आणि ‘स्टॉप’चा हात बाहेर काढून उभी असेल, तर पूर्ण थांबायचं. मध्ये दुभाजक नसेल तर समोरून येणाऱ्यांनीही. इथे लेन बदलून पुढे जाणं चालत नाही, हळू जाणंही चालत नाही. मूव्ह ओव्हरची सवय लागलेला माणूस बसला वळसा घालून गेला, तर त्याचा दंड आणि पॉइंट्स, म्हणजे लायसन्सवर चढणारे दोषांक, मूव्ह ओव्हरपेक्षा बरेचदा जड असतात.

## एवढी काय जागा लागते?

फुटांत मोजून पाहा. अमेरिकेतल्या इंटरस्टेट महामार्गावर लेन १२ फुटांची असते. तिच्या उजवीकडे शोल्डर, म्हणजे कडेची पक्की पट्टी, साधारण १० फुटांची. कार सहा फूट रुंद. ती अगदी कडेला नेऊन, बाहेरच्या बाजूला फूटभर जागा ठेवून उभी केली, तरी ड्रायव्हरच्या दरवाजापासून पांढऱ्या रेषेपर्यंत उरतात तीन फूट. ड्रायव्हरच्या खिडकीशी बोलणारा पोलीस किंवा चाक बदलणारा माणूस त्या तीन फुटांत उभा असतो.

आता शेजारच्या लेनमधून ट्रक येतो. त्याची रुंदी साडेआठ फूट. लेनच्या बरोबर मधून चालला, तरी त्याची बाजू पांढऱ्या रेषेपासून पावणेदोन फुटांवर. म्हणजे माणसाची पाठ आणि ट्रक यांच्यात अडीच-तीन फूट, आणि त्यातून ट्रकचा बाहेर आलेला आरसा वजा करायचा. न थांबणारी मेल धडधडत जाताना ठाण्याच्या फलाटावर पिवळ्या पट्टीच्या पुढे उभं राहावं, तशी ही जागा आहे. फरक इतकाच की रुळावरची गाडी फूटभर इकडेतिकडे होत नाही, रस्त्यावरची होते. फोनकडे एक नजर, वाऱ्याचा एक झोत, आणि ते तीन फूट संपतात.

लेन बदलली की या हिशेबात एकदम १२ फूट वाढतात. म्हणून कायदा आधी लेन मागतो आणि मग वेग. याच कारणाने अनेक पोलीस आता ड्रायव्हरच्या खिडकीऐवजी उजवीकडच्या, रस्त्यापासून लांबच्या खिडकीशी येतात. टो ट्रकवाल्याला तीही सोय नेहमी नसते; रस्त्याच्या बाजूचं चाक बांधायचं तर त्याच बाजूला वाकावं लागतं, पाठ गाड्यांकडे करून.

## वीस मैलांनी असा काय फरक पडतो?

दिसतो त्यापेक्षा खूप. ताशी ६५ मैल म्हणजे सेकंदाला २९ मीटर. धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तर तेवढ्यात ४४ मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर जोरात ब्रेक लावला तर आणखी साधारण ६०. एकूण १०४ मीटर. ४५च्या वेगाने तेच गणित ३० अधिक २९, म्हणजे ५९ मीटर होतं.

धडकेचा जोर वेगाच्या वर्गावर अवलंबून असतो. त्यामुळे ६५वरून ४५वर येताना वेग तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी प्रमाणात घटला, तरी धडकेतली ऊर्जा निम्म्याहून खाली येते. पावसात किंवा बर्फात थांबायचं अंतर दोन्ही वेगांना वाढतं, आणि जास्त वेगाला जास्तच वाढतं.

## प्रत्यक्षात करायचं कसं

सगळा खेळ लवकर दिसण्याचा आहे. सरळ रस्त्यावर लुकलुकणारे दिवे अर्धा किलोमीटर आधी दिसतात. ६५च्या वेगाने ते अंतर कापायला १७ सेकंद लागतात, आणि १७ सेकंदांत सगळं शांतपणे होतं.

दिवे दिसताच अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा, पण ब्रेकवर ठेवायची घाई नको. गाडी कोणत्या कडेला उभी आहे ते ठरवा. आरसा पाहा, इंडिकेटर द्या, मान वळवून ब्लाइंड स्पॉट, म्हणजे आरशात न दिसणारा कोपरा, तपासा आणि मग सरका. लेन बदलणं थांबलेल्या गाडीच्या निदान शंभर मीटर आधी संपलेलं असावं. तिच्या बरोबरीने जाताना स्टिअरिंगचं चाक स्थिर हवं.

जागा मिळत नसेल तर उरलेल्या अंतरात हळूहळू वेग उतरवा. ब्रेक एकदोनदा हलका दाबून सोडला, तर मागच्याला लाल दिवा दिसतो आणि तोही सावध होतो. मूव्ह ओव्हर करताना दोन गोष्टी धोक्याच्या : शेवटच्या ५० मीटरमध्ये मारलेली कट आणि चालत्या लेनमध्ये कचकन दाबलेला ब्रेक.

नजर पुढे, आपल्याला जायचं आहे तिथे ठेवा. माणूस जिकडे बघतो तिकडे हात नकळत चाक नेतात, हे ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या कोणालाही विचारा. काय झालंय ते बघायची हौस इथे महाग पडते. फोनवर चित्रीकरण करणाऱ्यांबद्दल तर न बोललेलं बरं.

आणखी एक. अपघाताच्या जागी गाड्यांची रांग असते : मागे पोलीस, मग टो ट्रक, मग आपटलेली गाडी, पुढे कधी अ‍ॅम्ब्युलन्स. माणसं या सगळ्यांच्या मध्ये फिरत असतात. पहिली गाडी ओलांडली की लगेच परत लेनमध्ये घुसू नका. शेवटची ओलांडेपर्यंत थांबा. रात्री तर दिव्यांच्या झगमगाटात गडद कपड्यांतला माणूस दिसतच नाही. दिवे दिसले म्हणजे माणूस दिसला, असं समजू नका.

## ‘पण शेजारी ट्रक होता...’

मग लेन बदलायची नव्हतीच. कायदा जबरदस्तीने कोणाच्या अंगावर जायला सांगत नाही. वेग मात्र उतरवायला हवा होता. ट्रक होता हे कारण त्यातून सोडवत नाही.

*पोलीस नुसता गाडीत बसलेला असेल तर?* दिवे लुकलुकत असतील तर नियम लागू. तो कधी दार उघडून उतरेल हे तुम्हाला कळणार नाही.

*गाडी डाव्या शोल्डरवर असेल तर?* उजवीकडे सरका. नियम उजव्या कडेपुरता आहे, असं समजून कितीतरी लोक डाव्या लेनमधून सुसाट जातात. थांबलेल्या गाडीला लागून असलेली लेन कोणती, एवढंच पाहायचं.

*मी तिसऱ्या लेनमध्ये आहे, मला काय?* कायद्याने बहुधा काही नाही. पण दुसऱ्या लेनमध्ये येऊ पाहणाऱ्याला तुम्ही अडवलंत, तर तो कडेला उभ्या माणसाला घासून जाणार. थोडी फट ठेवा.

*पुढच्याच एक्झिटला उतरायचं आहे किंवा एक लेनचाच रॅम्प आहे.* मग दुसरी पायरी, वेग कमी.

*फ्रीवेवर अचानक ४५? मागचा येऊन आदळेल.* या आक्षेपात तथ्य आहे, आणि म्हणूनच लेन बदलणं आधी आहे आणि वेग कमी करणं नंतर. धोका ४५चा नाही, अचानकचा आहे. पाय काढून आणि हलका ब्रेक लावून गाडी सावकाश ६५वरून ४५वर आणायला दोनशे-सव्वादोनशे मीटर पुरतात. अर्धा किलोमीटर आधी दिवे पाहणाऱ्याकडे तेवढं अंतर असतं. ज्याने शंभर मीटरवर पाहिले, त्याच्याकडे नसतं.

## गाडी आपोआप सांभाळेल, हा भरवसा

अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ, म्हणजे पुढच्या गाडीशी अंतर राखत आपोआप चालणारी यंत्रणा, चालत्या गाड्या ओळखण्यासाठी बनलेली असते. रडारला रस्त्याकडेचे खांब, पाट्या, कठडे अशा असंख्य स्थिर वस्तू दिसतात. त्या प्रत्येकासाठी ब्रेक लागू नये म्हणून स्थिर वस्तूंकडे कमी लक्ष दिलं जातं. उभी राहिलेली गाडी त्याच गोंधळात हरवू शकते. अनेक गाड्यांच्या पुस्तिकेत हा इशारा छापलेला असतो. वाचतो कोण हा भाग वेगळा.

ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने टेस्लाच्या ऑटोपायलटची चौकशी सुरू केली, ती नेमकी याच प्रकारच्या अपघातांवरून : आपत्कालीन गाड्या उभ्या असलेल्या ठिकाणी जाऊन आदळलेल्या टेस्ला. दिवे दिसले की क्रूझ बंद करून गाडी हातात घ्यावी. दंडाचं तिकीट ऑटोपायलटच्या नावाने फाडलं जात नाही.

## दंड

इलिनॉयमध्ये पहिल्याच वेळी किमान २५० डॉलर आणि कमाल १० हजार. दुसऱ्या वेळी किमान ७५०. कोणी जखमी झालं किंवा गेलं, तर प्रकरण दंडावर न थांबता फौजदारी होतं आणि लायसन्सही निलंबित होतं. टेक्सासने २०२३ मध्ये पहिल्या वेळचा दंड ५०० ते १,२५० डॉलरवर नेला. कॅनडात ओंटारियोमध्ये ४०० ते २,००० डॉलर आणि तीन डिमेरिट पॉइंट. ऑस्ट्रेलियात सगळाच भर वेगावर आहे : व्हिक्टोरियात दिवे लावून उभ्या आपत्कालीन गाडीजवळून ताशी ४० किलोमीटरने जायचं, साउथ ऑस्ट्रेलियात २५ने.

तिकीट आलं तर ऑनलाइन पैसे भरून मोकळं होण्याआधी एक लक्षात घ्या. बहुतेक राज्यांत पैसे भरणं म्हणजे गुन्हा मान्य करणं. पॉइंट लागतात, विम्याचा हप्ता चढतो. शेजारच्या लेनमध्ये गाडी होती हे दाखवणारं डॅशकॅमचं चित्रीकरण असेल, तर कोर्टाची तारीख घेणं फायद्याचं ठरू शकतं.

## तुमचीच गाडी बंद पडली तर

चालत असेल तोवर रेटत पुढच्या एक्झिटला न्या. शोल्डर हा नाइलाजाचा पर्याय. तिथे थांबलात तर जमेल तितकं बाहेर, चारही इंडिकेटर चालू. उतरायचं ते रस्त्यापासून लांबच्या दाराने. कठडा असेल तर त्याच्या पलीकडे जा. गाडीच्या पुढे उभं राहू नका, कारण मागून धडक बसली की गाडी पुढेच फेकली जाते. कठड्यापलीकडे जागाच नसेल, तर आत बसून सीटबेल्ट लावा. रस्त्याच्या बाजूचं चाक स्वतः बदलायचा मोह टाळा. टो ट्रकला फोन करा.

पोलिसाने थांबवलं असेल तर मात्र उलट : गाडीतच बसा, हात चाकावर दिसू द्या, सांगितल्याशिवाय उतरू नका.

## आणि मुंबई-पुण्याच्या रस्त्यावर?

भारतात २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९४-ई आलं : आपत्कालीन वाहनाला वाट न दिल्यास १० हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्याचा रोख चालत्या अ‍ॅम्ब्युलन्सवर आहे. उभ्या गाडीबाबत आपला कायदा जबाबदारी मुख्यतः उभी करणाऱ्यावर टाकतो. धोका होईल अशा जागी वाहन सोडायला कलम १२२ मनाई करतं, आणि सार्वजनिक रस्त्यावर अडथळा किंवा धोका निर्माण केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली पाच हजारांपर्यंत दंड आहे. जवळून जाणाऱ्यासाठी उरतं ते बेदरकारपणे गाडी चालवण्याचं सर्वसाधारण कलम. म्हणून इथे शिकलेल्या ड्रायव्हरला तिकडचा नियम आठवत नाही. तो कधी शिकवलेलाच नसतो.

एक्सप्रेसवेवर कारला १०० आणि समृद्धीवर १२०ची मर्यादा आहे. ताशी १०० किलोमीटर म्हणजे जवळजवळ ६२ मैल, तेव्हा वरचं मीटरांचं गणित इथेही जवळपास जसंच्या तसं लागू होतं. वर आपल्याकडे बंद पडलेला ट्रक कडेला नसून बरेचदा लेनमध्येच असतो, मागचे दिवे मातीने माखलेले, आणि खूण म्हणून मागे चार दगड नि झाडाची फांदी. फांदी रात्री दिसत नाही. डिकीत गाडीसोबत आलेला परावर्तक त्रिकोण त्यासाठीच असतो. वेगवान रस्त्यावर तो गाडीला चिकटवून न ठेवता बराच मागे, वळण असेल तर वळणाच्या अलीकडे ठेवायचा, आणि ठेवायला जाताना रस्त्याच्या कडेने चालायचं. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ला, इतरत्र ११२ला फोन करा. दगड लावलेच असतील, तर निघताना उचलून कठड्यापलीकडे टाका. ट्रक गेल्यावर मागे राहिलेला दगड रात्री दुचाकीवाल्याला दिसत नाही.